पेटीतली माशी आणि बांधातली माशी

शेतकरी मेळाव्यांत आणि हल्ली मोबाइलवरच्या चित्रफितींतही एक ठरलेलं व्याख्यान ऐकायला मिळतं. मधमाश्या वाचवायच्या तर फवारणी संध्याकाळी करा, पेट्या झाकून ठेवा. त्याहून बरं म्हणजे फवारूच नका. औषध बियाण्याला चोळा, नाहीतर आळवणी करून मुळाशी द्या. हवेत थेंब उडाला नाही, फुलावर पडला नाही, मग माशीचा संबंध येतोच कुठे? मातीत गेलेलं औषध मातीच धरून ठेवते. टाळ्या, आणि पुढे चहा-बिस्कीट.

या व्याख्यानात माशी म्हणजे पेटीतली माशी. पेटी झाका म्हणणाऱ्या विद्वानांना विचारावंसं वाटतं, बांधावर झाकण कुठलं घालू? जगात माश्यांच्या 20,000हून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या सुमारे 70 टक्के जमिनीत घर करतात. त्यांतल्या बहुतेकींना ना पोळं, ना राणी. मध विकता येत नाही, म्हणून अनुदान नाही आणि व्याख्यानात जागाही नाही. ऊन चढू लागलं की जरा वांग्याच्या वाफ्यात उभं राहून बघा. पोटावर निळसर पट्टे असलेली एक माशी येते, फुलातल्या पिवळ्या पुंकेसरांना घट्ट धरते आणि उडतानाच्या गुणगुणीपेक्षा वरच्या पट्टीत आखूड घुर्रकन आवाज काढते. वांग्याच्या परागकोशाला टोकाशी बारीक छिद्र असतं; असं हादरवलं की पराग भसकन बाहेर पडतो. पेटीतल्या माशीला ही विद्या येत नाही. निळ्या पट्ट्यांची मादी बांधाच्या उतारात किंवा मातीच्या भिंतीत जबड्याने बीळ कोरते. तोंडाशी चिमूटभर भुसभुशीत माती, आत एकेक कोठडी, कोठडीत पराग-मधाची शिदोरी आणि एक अंडं. अळी तिथेच वाढते, कोषही तिथेच.

आणि आपण औषध कुठे नेऊन ठेवलं? मातीत. बियाण्याला चोळलेल्या आंतरप्रवाही औषधाचा बहुधा पाचवा हिस्सादेखील पिकात चढत नाही. उरलेलं बरंचसं जमिनीत. बीटी कपाशीचं पाकीट फोडलं की रंगवलेली सरकी हाताला लागते, तो रंग काही शोभेचा नसतो. मातीच धरून ठेवते हे अगदी खरं, चिकण मातीत तर जास्तच. पण ज्या मातीने धरून ठेवलं तीच माती ही मादी जबड्याने उकरते. औषधाच्या नोंदणीच्या वेळी माशीवर चाचण्या होतात म्हणे. होतात, पण बहुतेक पेटीतल्याच माशीवर: तिला पाजून बघतात, अंगावर थेंब टाकून बघतात. जी बाई मातीत राहतच नाही तिला मातीतल्या विषाबद्दल विचारायचं, आणि तिने तक्रार केली नाही म्हणून सगळ्यांना प्रमाणपत्र वाटायचं.

कॅनडातल्या ओंटारिओत सुसान विलिस चॅन आणि नायजेल रेन यांनी ही चौकशी योग्य ठिकाणी केली. भोपळावर्गीय पिकांवर जगणारी, जमिनीत घर करणारी माशी त्यांनी जाळीखाली तीन हंगाम ठेवली. लागवडीच्या वेळी जिथे इमिडाक्लोप्रिड हे आंतरप्रवाही औषध मातीत दिलं होतं तिथे बिळं 85 टक्क्यांनी कमी झाली आणि पिल्लं 89 टक्क्यांनी. हे 2021 साली प्रसिद्ध झालं आहे. बियाण्याला लावलेल्या थायामेथोक्झामचा असा ठसठशीत परिणाम त्यात दिसला नाही, हे समोरून यायच्या आधी मीच सांगून टाकतो. आळवणी मात्र पुरती उघडी पडली, आणि व्याख्यानात तर आळवणीचीच आरती असते.

आपल्याकडच्या उन्हात औषध लवकर विरतं म्हणतात. वरच्या थरात विरत असेल. वीतभर खाली ऊन पोचत नाही. कोठडीला आतून मेणचट अस्तर असतं, हेही ऐकलं. अस्तर अळीपुरतं; बीळ खोदणारीला कुठलं अस्तर?

यावरून 2002 आठवतं. बीटी कपाशी आली तेव्हा अशाच व्यासपीठांवरून फवारणीचा निरोपसमारंभ झाला होता. मग मावा-तुडतुडे शिरजोर झाले, 2017 साली गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यात बोंडं पोखरली आणि पंप पुन्हा पाठीवर आला. त्या समारंभाचे वक्ते नंतर कुठे गेले कोण जाणे.

मग काय तुडतुड्यांना ओवाळायचं, असं कोणी विचारेल. नाही. आळवणी वेळापत्रकाने करायची नाही. कीड नुकसानीच्या पातळीवर गेली तरच. बांध दरसाल रोटाव्हेटरखाली घालायचा नाही; उन्हाकडचा थोडा उतार उघडा, न उकरलेला सोडायचा आणि त्याच्या आसपास दाणेदार औषध फेकायचं नाही. नोंदणीच्या चाचणीत मातीत राहणारी एखादी माशी बसवायची. आणि बिनऔषधाची सरकी मागणाऱ्याला ती मिळायला हवी. आज दुकानात मागून बघा, बहुतेक ठिकाणी दुकानदार पाकिटांच्या थप्पीकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, कंपनीकडून हेच येतं.