नुसतं इंजिन घेऊ नका, अख्खी गाडी घ्या

जुन्या कार्ब्युरेटरवाल्या जिप्सीत एस्टीमचं १.३ एमपीएफआय इंजिन टाकायचं म्हटलं की गॅरेजवाला हमखास सांगतो, "साहेब, नुसतं इंजिन आणा, बाकी मी बघतो." मंडळी, इथेच सावध व्हा. ते "बाकी" हाच खरा प्रोजेक्ट असतो.

भंगारात इंजिन काढताना वायरिंग सरळ कातरून टाकतात. आपल्या भाषेत, बायनरी मिळाली पण लायब्ऱ्या गायब :) या इंजिनाला त्याचा ईसीयू, सगळे सेन्सर आणि अख्खं वायरिंग लागतं. कार्ब्युरेटरचा पंप इथे कामाचा नाही. इंजेक्टरला कितीतरी जास्त दाबाने पेट्रोल लागतं, म्हणजे इलेक्ट्रिक पंप आला. त्यात एस्टीमचं इंजिन आडवं बसतं, जिप्सीचं गाडीच्या लांबीत. त्यामुळे माउंटिंगपासून जुळवाजुळव.

म्हणून मी तरी चालू स्थितीतली अख्खी एस्टीमच घेईन. आधी चालवून बघायची, मगच उघडायची, आणि सोडवलेल्या प्रत्येक कनेक्टरला चिठ्ठी लावायची. महाग वाटेल, पण एकेका सेन्सरपायी वीकेंड घालवणं जास्त महाग पडतं.

आणि हो, आरटीओ! आरसीवर इंजिन नंबर असतो. आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असे फेरफार चालणार नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. तेव्हा पाना हातात घेण्याआधी आरटीओत विचारा. "कोण बघतंय?" म्हणणारा गॅरेजवाला उद्या विमा कंपनीसमोर तुमच्यासोबत उभा राहणार नाही. एस्टीमचे कागदही मागून घ्या. इंजिन चोरीचं नाही हे दाखवायला तेवढाच पुरावा हाती असतो.