रोही आणि ऑटोवाले

मोकाट तट्टांचे फोटो काढायला हौशी लोक थेट इंग्लंडातल्या डार्टमूरच्या माळावर जातात. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात रानटी तट्टू नाही. पण त्यावाचून आमचं काही अडलेलं नाही. आमच्याकडे रोही आहे. पुस्तकातली मंडळी त्याला नीलगाय म्हणतात. दिसायला घोडा, नावाला गाय आणि जातीनं कुरंग! शास्त्रज्ञांनी तर त्याच्या लॅटिन नावात बैल, हरीण, बोकड आणि उंट असे चार प्राणी कोंबले. घोडा तेवढा राहिला.

अशा या प्राण्याचा फोटो काढताना कॅमेरा 'ऑटो'वर ठेवणाऱ्यांशी माझं भांडण आहे. आमचे मेहुणे त्यांतलेच. "लाखभर रुपये कॅमेऱ्याला मोजले ते त्यानं विचार करावा म्हणून. मी कशाला करू?" हा त्यांचा सिद्धांत. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यात त्यांनी काढलेले रोही मी पाहिले आहेत. एका फोटोत कोळशाचं पोतं उभं आहे, दुसऱ्यात राखेचा ढीग.

यात कॅमेऱ्याचा दोष नाही. त्या बिचाऱ्याला एवढंच शिकवलेलं असतं, की जग सरासरी करडं आहे. उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो, वाळलेलं गवत उन्हात लखलखतं. कॅमेरा म्हणतो, "बाप रे, केवढा उजेड!" आणि प्रकाश कमी करतो. त्यात निळसर काळा नर पार काळा ठिक्कर पडतो. तोच नर जवळ येऊन चौकट भरून उभा राहिला, की कॅमेरा म्हणतो, "अंधार झाला वाटतं!" आणि प्रकाश वाढवतो. मग नराची राख होते आणि गळ्यावरचा पांढरा डाग धुऊन निघतो. ऊन मात्र दोन्ही वेळी तेच होतं!

म्हणून सेटिंग उन्हाकडे बघून ठरवावं, जनावराकडे बघून नव्हे. जुन्या फिल्मवाल्यांचा सोळाचा नियम अजून शिळा झालेला नाही. स्वच्छ ऊन असेल तर छिद्र एफ 16 आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं. आयएसओ 400 असेल तर 1/400. रोही उधळणार असेल तर छिद्र एफ 8 करा आणि शटर 1/1600. प्रकाश तेवढाच राहतो आणि पाय हलत नाहीत. ऊन कोवळं असेल तर छिद्र एकदोन घरं आणखी उघडावं. मग समोरून काळा नर जावो की पिंगट मादी, बटणांना हात लावायचं कारण नाही.

पण खरा ऑटो कॅमेऱ्यात नसतो, डोक्यात असतो. टिपेश्वरला येणाऱ्या पाहुण्याच्या डोक्यात एकच सेटिंग असतं : वाघ. टिपेश्वरचा एक तरुण वाघ 2019 साली तेराशे किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, तेव्हा त्याचं कौतुक मीही केलं. पण रस्त्यात रोही दिसला की जिप्सीतून "चला हो, पुढे चला" असा पुकारा होतो, हे काही मला पटत नाही.

एकदा मी रोह्यासाठी जिप्सी थांबवली, तेव्हा सोबतचा गाइड हसून म्हणाला, "रोह्याचे फोटो काहून काढता साहेब? रात्री आमच्या वावरात या. पाह्यजे तितले दिसतात."

तो विनोद करत होता, पण त्याच्या घरची माणसं तुरीच्या, हरभऱ्याच्या दिवसांत रात्ररात्र जागलीला जातात. वाघ ज्यावर जगतो तो रोही दिवसा जंगलाचा असतो आणि रात्री शेतकऱ्याच्या पिकात. म्हणजे शहरातल्या दिवाणखान्यात वाघाचा फोटो लागतो, त्याच्या जेवणाचा काही खर्च हा गाइड भरतो. आणि आम्हाला त्या रोह्याचं तोंडही पाहायचं नाही!

तेव्हा मेहुण्यांना माझं सांगणं आहे, की कॅमेरा मॅन्युअलवर आणा. गळ्याचा पांढरा डाग, खुरांवरची पांढरी कडी आणि मागची तुरीची ओळ, तिन्ही एका फोटोत स्पष्ट यायला हवीत. तो फोटो दिवाणखान्यात वाघाशेजारी लावा. जागा कमी पडली, तर वाघ जरा सरकवा.