पहिला ऐकणारा

विशाखापट्टणममध्ये 'नीट'ची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी शिक्षणसंस्थांसाठी पंधरा निर्देश दिले. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण द्यावे, गुणांवरून तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत कोणाचा पाणउतारा करू नये, हे त्यांतले काही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातले होते आणि हा आकडा सर्व राज्यांत मोठा होता. निर्देशांचे पालन आपल्या राज्यात सर्वांत आधी आणि सर्वांत मनापासून व्हायला हवे, ते यासाठी.

समुपदेशकाची नेमणूक होईल, खोलीवर पाटी लागेल. पण विद्यार्थी त्या खोलीत पहिल्यांदा येतो कधी? वर्गशिक्षकांनी पाठवले म्हणून, किंवा गोष्टी हाताबाहेर गेल्यावर. त्याच्या कितीतरी आधी तो कोणाशी तरी बोललेला असतो. रात्री उशिरा मैत्रिणीला पाठवलेला आणि लगेच डिलीट केलेला मेसेज, चोवीस तासांत नाहीसे होणारे स्टेटस, अचानक काढून टाकलेला डीपी, एकामागून एक सोडलेले ग्रुप, हे सगळे बोलणेच असते. ते पहिल्यांदा पोहोचते समवयस्काकडे, म्हणजे सोळा-सतरा वर्षांच्या मुलाकडे. तोही गोंधळतो. 'टेन्शन नको घेऊ यार' एवढेच त्याला सुचते, वर 'कोणाला सांगू नकोस' ही शपथ त्याच्यावर असते. या पहिल्या ऐकणाऱ्याला तयार करणे हे आपल्या कामाचे केंद्र व्हावे, असे आम्हाला वाटते.

त्याला समुपदेशक बनवायचे नाही. तीन गोष्टी शिकवल्या तरी पुष्कळ. मध्येच न तोडता ऐकून घ्यायचे. जिवाची भीती वाटली तर मित्राला एकटे सोडायचे नाही. आणि अशी गोष्ट विश्वासातल्या मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांगायची. जीव वाचवण्यासाठी मोडलेली शपथ म्हणजे दगाबाजी नव्हे. हे वर्षाच्या सुरुवातीला, निकालाच्या दिवसांच्या बरेच आधी, प्रत्येक वर्गात आणि वसतिगृहात सांगितले पाहिजे.

पण मुलाने आपल्याकडे यावे, तर आपले बोलणेही तपासावे लागेल. 'आमच्या वेळी असली थेरं नव्हती', 'त्या अमक्याकडे बघ, घरची परिस्थिती नसताना कसा शिकतोय', 'तुला कमी काय आहे?' ही वाक्ये स्टाफरूममध्ये आणि पालकसभेत आपण सहज बोलतो. ती ऐकणारा मुलगा पुन्हा तोंड उघडत नाही. एटीकेटी लागलेल्या किंवा हजेरी कमी भरलेल्या विद्यार्थ्याला सर्वांसमोर उभे करण्याऐवजी वर्ग सुटल्यावर थांबवून 'गेल्या महिन्याभरापासून झोप कशी लागते आहे? जेवण होतं का?' असे विचारले, तर उत्तर मिळण्याची शक्यता कितीतरी वाढते.

आत्महत्येचा विषय काढला तर ती कल्पना मुलाच्या डोक्यात शिरेल, ही भीती अजून अनेक शिक्षकांना वाटते. संशोधनाने तिला आधार दिलेला नाही. शंका आल्यास 'जीव द्यावा असं मनात येतं का?' हे शांतपणे, सरळ शब्दांत विचारावे. उत्तर होकारार्थी आले तर उपदेश नको. मुलाजवळ थांबावे, पालकांना आणि समुपदेशकाला लगेच सामील करून घ्यावे, मनोविकारतज्ज्ञांपर्यंत त्याला स्वतः पोहोचवावे. गुप्ततेची मर्यादा मात्र संवादाच्या सुरुवातीलाच सांगावी: 'तू सांगशील ते माझ्याजवळ राहील; जिवाला धोका असेल तेव्हाच मी इतरांची मदत घेईन.' आधी संपूर्ण गुप्ततेचे वचन देऊन नंतर ते मोडले, तर त्या मुलासोबत त्याच्या साऱ्या वर्गाचा विश्वास जातो.

आपल्या मर्यादाही ओळखाव्यात. विद्यार्थ्यांच्या मेसेजना रात्री-बेरात्री एकट्याने उत्तरे देत राहणारा शिक्षक लवकरच थकतो. 'टेलीमानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत चालतो, तेथे मराठीतही बोलता येते. तो ओळखपत्राच्या मागे, वसतिगृहाच्या दारावर आणि प्रत्येक वर्गाच्या ग्रुपवर असायला हवा. न्यायालयाच्या निर्देशांनुसार शंभरपेक्षा कमी विद्यार्थी असलेल्या संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक व्यवस्था करायची आहे. तालुक्याच्या गावी असे तज्ज्ञ कोण आहेत, याची चौकशी मुख्याध्यापकांनी आजच करावी.

वाचकहो, या महिन्यात आपापल्या संस्थेत एक तास मागून घ्या. त्यात भाषण नको. विद्यार्थ्यांना एवढेच विचारा, की मित्र अडचणीत दिसला तर या संस्थेत तुम्ही कोणाकडे जाल? ज्या वर्गातून एकही नाव येणार नाही, तिथून आपले काम सुरू करा.