पुट्टीखालची ओल

ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेचे पाणी भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत शिरले होते. अशा वस्तीतले घर आज विकायला निघते तेव्हा भिंती गुळगुळीत असतात आणि आत ताज्या रंगाचा वास येतो.

आमचे सांगणे एवढेच, की इसार देण्याआधी ते घर एकदा मोठ्या पावसानंतर पाहा. खालच्या तीन-चार फुटांतच नवे प्लास्टर किंवा टाइल असेल तर कारण विचारा. बोटांनी ठोका, पोकळ वाजले तर प्लास्टर सुटले आहे. दाराच्या चौकटीचा तळ नखाने टोकरा. भिंतीला लावलेले कपाट सरकवायला सांगा, यात कसला आला संकोच! मागे पांढरे क्षार फुटले असतील तर पाणी मुरले आहे. आणि शेजारच्या आजींना विचारा. पूर कुठवर आला होता, ते त्या हाताने दाखवतील.

विकणाऱ्यांशीही बोलायचे आहे. सहज न दिसणारा मोठा दोष ग्राहकाला सांगणे हे १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५नुसार विक्रेत्याचे काम आहे, करारात वेगळे ठरले नसेल तर. आपल्याला तर सहीह मुस्लिममधली हदीस ठाऊक आहे. प्रेषितांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला, बोटांना ओल लागली, तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, हे त्यांनी विक्रेत्याला विचारले. पुट्टीचे काम वरच्या कोरड्या दाण्यांसारखेच.

तेव्हा पुराची नोंद सौदाचिठ्ठीत करा आणि प्लास्टर नव्याने करण्याचा खर्च दोघे मिळून किमतीतून वजा करा.