कोठारातील धान्याचा कस

धान्य पिकले की अन्नाचा प्रश्न सुटला, अशी आपल्याकडे एक भाबडी समजूत आहे. १९६५ साली भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले, तेव्हा देश परदेशी गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसला होता. आज कोठारे भरतात. प्रश्न उरला आहे तो भरलेले राखण्याचा. धान्य सडू देण्यापेक्षा ते गरिबांना फुकट वाटा, असे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, ही नामुष्की विसरण्याजोगी नाही.

दाणा सजीव असतो. पोत्यात भरल्यावरही त्याचा श्वास चालू राहतो आणि त्यातून उष्णता व पाणी निर्माण होते. गव्हातील ओलावा शेकडा १२ च्या आत असला तर हा श्वास मंद असतो. तो वाढला की थप्पीच्या पोटात ऊब धरते, बुरशी माजते, सोंडकिडे बळावतात. सोंडकिड्याची मादी दाणा पोखरून आत अंडे घालते. त्यामुळे वरून धड दिसणारा दाणा आतून पोकळ निघतो. काही बुरशींचे विष तर शिजवूनही जात नाही. नीट राखलेला जुना तांदूळ आपण आवर्जून मागतो, यावरून उघड होते की धान्याचा घात काळापेक्षा दमट हवा आणि उष्णताच अधिक करतात. हे जाणूनच आपले वाडवडील कडक उन्हात वाळवलेले धान्य कडुनिंबाचा पाला घालून कणगीत भरीत.

सरकारी हिशेब मात्र मुख्यतः वजनावर चालतो. आणि पावसाळी हवेत कोरडा गहू ओलावा शोषून वजनाने वाढतो! वहीत वाढ दिसते त्याच वेळी कोठारात कस उतरत असतो. अशा वाढीच्या आड नासाडी आणि तूट दोन्ही सहज लपू शकतात.

२०२३ साली केंद्र सरकारने सहकारी क्षेत्रात ७०० लाख टन साठवणक्षमता उभारण्याची योजना मंजूर केली. तिचे आम्ही स्वागत करतो. परंतु केवळ भिंती आणि छप्पर यांनी धान्य टिकत नाही. ते आत घेताना व बाहेर काढताना ओलावा आणि कीड यांची नोंद वजनाइतक्याच काटेकोरपणे व्हावी, आणि ती शिधावाटप दुकानाच्या फळ्यावर लागावी, अशी आमची मागणी आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरिबाला धान्याचा हक्क दिला. निकस धान्य मापात पुरेपूर घातले, तरी तो हक्क पुरा होत नाही.