सेकंड हँड ओपन गाडी घेताय? छप्पर उघडण्याआधी आरसी उघडा

पहिला पाऊस पडला की नाणेघाटाच्या रील्स सुरू होतात. त्यांच्या पाठोपाठ 'ओपन गाडी विकणे आहे, अर्जंट' अशा जाहिराती येतात. फोटोत मागे धुकं, पुढे उघडी जीप आणि बॉनेटवर बसलेला मालक. शनिवार-रविवार जुन्नर, आंबेगावात भटकायला अशीच एक गाडी हवी, असं पुणे-पिंपरीतल्या अनेकांना वाटतं. मलाही वाटतं. पण या जाहिरातींमध्ये तीन अगदी वेगळ्या प्रकारच्या गाड्या 'ओपन' या एकाच नावाखाली विकल्या जातात, आणि त्यातली एक घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिला प्रकार खऱ्या स्पोर्ट्स कन्व्हर्टिबलचा. मिनी कूपर, ऑडी ए३ कॅब्रिओले, बीएमडब्ल्यू झेड४ वगैरे. आठ-दहा वर्षं जुनी झाली की यांची किंमत नव्या एसयूव्हीच्या आसपास येते आणि मोह होतो. गाड्या उत्तम आहेत, पण मंचर-घोडेगाव-डिंभे-भीमाशंकर रस्त्यासाठी बनलेल्या नाहीत. पावसाळ्यात या रस्त्यावरचे खड्डे पाण्याने भरतात आणि त्यांची खोली कळत नाही. गावोगावचे गतिरोधक तर कुणी मोजमाप करून बांधलेले नसतात. तिथे या गाड्यांचं पोट घासतं. यातल्या बऱ्याच गाड्यांचं छप्पर मोटर आणि हायड्रॉलिक्सवर चालतं. ते अर्ध्यात अडकलं तर नारायणगावात ट्रॅक्टरपासून टेम्पोपर्यंत सगळं दुरुस्त करणारे मेकॅनिक आहेत, पण या छपराचा पार्ट त्यांच्याकडे नसतो. गाडी फ्लॅटबेडवर टाकून पुण्याला आणावी लागते, तीही भर पावसात, उघडी.

आपल्याकडेही एक स्पोर्ट्स कन्व्हर्टिबल बनली होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन सीटची गाडी तयार झाली. फायबरग्लासची बॉडी आणि रेनॉचं १.२ लिटरचं इंजिन. आज एखादी विकायला दिसलीच तर हौस म्हणून जरूर बघा. दर शनिवारी बाहेर काढायची असेल तर सुटे भाग कुठून आणणार, हे आधी ठरवा.

'मॉडिफाइड' म्हणजे काय?

दुसरा प्रकार सगळ्यात स्वस्त, सगळ्यात देखणा आणि माझ्या मते सगळ्यात धोक्याचा. जुनी कमांडर, मार्शल किंवा वडापला चालून निवृत्त झालेली जीप घ्यायची. तिची चासी ठेवायची, वरचं सगळं कापून नवी उघडी बॉडी चढवायची, मोठे टायर, हॅलोजन आणि फाटक्या आवाजाचा सायलेन्सर लावायचा. हरियाणातलं मंडी डबवाली या धंद्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे, पण हे काम आता सगळीकडेच होतं.

अडचण कायद्याची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. सीएनजी किट किंवा दिव्यांगांसाठीचे बदल असे ठरावीक अपवाद परवानगीने होतात. छप्पर कापणं त्यात बसत नाही.

'पोलिस पकडत नाहीत हो, पाच वर्षं फिरवतोय' असं विक्रेता सांगतो. ते खरंही असेल. पण प्रश्न पोलिसांचा नाहीच. घाटात गाडी उलटली आणि आरसीवर बंद बॉडी, समोर मात्र उघडी जीप असेल, तर विमा कंपनीच्या हातात दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. कापलेल्या गाडीत छपराबरोबर तिची ताकदही गेलेली असते. वर दिसणारा पाइप नुसता शोभेचा आहे की थेट चासीला नीट जोडलेला रोल बार, हे वेल्डिंगवर रंग मारल्यावर मलाही ओळखता येत नाही. मी मेकॅनिकलचा इंजिनिअर आहे.

म्हणून फोटो आवडला की आधी एमपरिवहन ॲपवर नंबर टाका. नोंदणीची तारीख, इंधन, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा तिथे दिसतो. मग मूळ आरसी मागून बॉडी टाइप वाचा आणि चासी क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशी स्वतः ताडून पाहा. चासीवरचे आकडे घासलेले किंवा पुन्हा ठोकलेले वाटले तर तिथूनच परत फिरा, टेस्ट ड्राइव्हसुद्धा घेऊ नका.

मग घ्यायची कोणती?

राहतो तिसरा प्रकार, म्हणजे कारखान्यातूनच कापडी छप्पर घेऊन आलेली गाडी. आपल्या बाजारात त्याचा अर्थ मुख्यतः मारुती जिप्सी किंवा महिंद्रा थार.

जिप्सी १९८५ मध्ये आली. १९९६ नंतरच्या 'किंग'मध्ये १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन आहे. वजनाला हलकी, चिखलात शहाणी, दुरुस्तीला सोपी. पण एसी नाही, स्टीअरिंग जड, पत्त्याच्या स्प्रिंगमुळे पाठीचे हाल आणि पेट्रोलची तहान मोठी. पुण्याहून जुन्नरला जाऊन येईपर्यंतच दोनशे किलोमीटर होतात, हे लक्षात ठेवा. शिवाय बऱ्याच जिप्सी १५ वर्षांच्या पुढे गेलेल्या आहेत. तिथे फिटनेस तपासणी, पाच वर्षांसाठी नोंदणीचं नूतनीकरण, त्याची वाढलेली फी आणि पर्यावरण कर हा खर्च किमतीत धरावा लागतो.

जुनी थार २०१० ते २०२० मधली. तिचं २.५ लिटरचं सीआरडीई डिझेल इंजिन भरवशाचं आहे आणि गावातला मेकॅनिकही ते खोलायला घाबरत नाही. पण तिला एअरबॅग नाहीत, एबीएस आलं ते अगदी शेवटी, २०१९ मध्ये, आणि मागच्या सीट आडव्या आहेत. दोघांसाठी ती ठीक आहे. मागे मुलांना बसवून माळशेज उतरायचा असेल तर मी ती घेणार नाही.

ऑक्टोबर २०२० नंतरच्या थारमध्ये दोन एअरबॅग आणि एबीएस आहे, ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये तिला चार तारे मिळाले, आणि हाताने दुमडायच्या कापडी छपराचा पर्याय कंपनीनेच दिला होता. छपरात मोटर नाही, त्यामुळे ती बिघडायचा प्रश्न नाही. माझं मत या गाडीला. वापर फक्त वीकेंडचा असेल तर पेट्रोल घ्या. डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर असलेली बीएस-६ गाडी आठवडाभर उभी ठेवून मग गावातल्या गावात फिरवली तर फिल्टर चोंदण्याची कटकट मागे लागते. त्यापेक्षा पेट्रोलचं बिल परवडलं.

किलोमीटर नको, गालिचा बघा

उघड्या गाडीचा खरा शत्रू पाणी. म्हणून मीटरवरचा आकडा मला दुय्यम वाटतो. छप्पर लावून वर दोन बादल्या पाणी ओता, दहा मिनिटं थांबा आणि आत हात फिरवा. गालिचा उचलून खालचा पत्रा बघा. काचेच्या चौकटीचा खालचा कोपरा, सीटचे बोल्ट, सीट बेल्ट जिथे चासीला जोडला आहे ती जागा, इथे गंज असेल तर घासाघीस नाही, गाडीच नको. छपराच्या शिवणी आणि चेन सुस्थितीत आहेत का ते बघा, कारण नवं कापड स्वस्त नसतं. फोर बाय फोर असेल तर लो रेंज टाकून एका चढावर चालवून दाखवायला सांगा. वर्षानुवर्षं न वापरलेला तो लिव्हर अनेकदा जाम झालेला असतो.

दिल्लीच्या पासिंगची गाडी स्वस्त मिळते. तिथे डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची मर्यादा घालण्यात आली होती, म्हणून लोक बाहेर विकू लागले. ती घेताना एनओसी म्हणजे फॉर्म २८, इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर हे सगळं आलं. राज्यातल्या राज्यात फॉर्म २९ आणि ३० वर काम होतं, कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी पाटी बसली आहे ना, तेही बघा. आणि आरसीबरोबर विमाही आपल्या नावावर करून घ्या. हे लोक हमखास विसरतात.

उघडं कुठे, बंद कुठे

जुन्नर २०१८ मध्ये राज्यातला पहिला पर्यटन तालुका जाहीर झाला, पण हा उसाचा आणि बिबट्यांचाही पट्टा आहे. दुचाकीस्वारांवर बिबट्या झेपावल्याच्या घटना इथे घडल्या आहेत. गाळप हंगामात विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांना रात्री मागे दिवा असेलच याची खात्री नसते. अंधार पडल्यावर छप्पर लावा आणि वेग कमी ठेवा. पावसाळ्यात निघण्याआधी प्रशासनाचा मनाई आदेश आहे का ते तपासा. माळीण याच आंबेगाव तालुक्यात आहे, आणि ३० जुलै २०१४ ला तिथे काय झालं ते आठवत असेल तर धो-धो पावसात डोंगराखाली गाडी लावून रील काढायचा विचार मनात येणार नाही.

व्यवहार ठरवण्याआधी एक चक्कर माराच. विक्रेत्याला सोबत घ्या. जुन्नरहून आपटाळे, चावंडच्या पायथ्याने घाटघर आणि पुढे नाणेघाट, तीसेक किलोमीटर. चढ, वळणं, खराब रस्ता, बोचरा वारा, सगळं एका तासात मिळतं. वर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण बघा, तिथेच गाडीची कागदपत्रं पुन्हा एकदा वाचा, आणि उतरताना ब्रेक तापल्याचा वास येतो का ते बघा. 'एवढ्या लांब कशाला, इथेच हायवेवर चालवून बघा की' असं विक्रेता म्हणाला, तर दुसरी गाडी शोधा.