बैलाचे दात बघता, मग गाडीचे का नाही?

आधीच सांगून ठेवतो, हा लेख काही जणांना टोचणार आहे, आणि त्यातले निम्मे नात्यातले आहेत. टोचू दे. दिवाळीत सगळे जमले की हा वाद होतो, आवाज चढतात, मग कुणीतरी "जाऊ दे, जेवायला बसा" म्हणतं आणि विषय अर्धाच राहतो. इथे मला कुणी जेवायला उठवू शकत नाही.

वाद असा. आपल्याकडे, म्हणजे टोकावडे, सरळगाव, मुरबाड आणि पलीकडे शहापूर भागात, गेल्या काही वर्षांत जमिनीचे पैसे आले. शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला, पण मोबदला त्याच्या कितीतरी आधी घरोघरी पोचला होता. मुरबाडकडे फार्महाऊसवाले आले, प्लॉटवाले आले. पैसा आला की गाडी आली, आणि आता साधी गाडी पुरत नाही. नवी मर्सिडीज, बीएमडब्ल्यू झेपत नाही, म्हणून वापरलेली, पण 'सर्टिफाइड'.

इथे शहरातले आमचे नातेवाईक नाक मुरडतात. "जमीन विकून गाड्या घेतात!" अहो, तुम्ही पगारातून हप्ते फेडून घेता तेव्हा कुणी प्रवचन देतं का? ज्याचा पैसा त्याची हौस. माझं भांडण हौसेशी अजिबात नाही. माझं भांडण आहे ते या वाक्याशी: "एवढ्या मोठ्या शोरूममध्ये घासाघीस करायची? शोभतं का?"

शोभतं. आणि नुसतं शोभतं असं नाही, ते केलंच पाहिजे.

म्हसा यात्रा आठवा. पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते, गुरांचा बाजार भरतो. तिथे बैल घेणारा काय करतो? आधी जबडा उघडून दात बघतो. दोनदाती, चारदाती की जुळलेला, ते स्वतःच्या डोळ्यांनी ठरवतो. खूर बघतो, खांदा बघतो, चालवून बघतो. हेडी कितीही शपथा घेऊ दे, "दादा, लेकरासारखा वाढवलाय" म्हणू दे, घेणारा मान डोलावतो आणि परत दात बघतो. यात कुणाचा अपमान होत नाही. उलट न बघता घेणाऱ्याला सगळा बाजार हसतो.

तोच माणूस ठाण्या-मुंबईच्या काचेच्या शोरूममध्ये शिरला की मुका होतो. एसीचा गारवा, कॉफीचा कप, टाय लावलेला पोरगा "सर, सर" करतो, आणि बैलाच्या पंधराव्या मिनिटाला खोड काढणारा हा माणूस वीस-पंचवीस लाखांच्या गाडीचं बॉनेटसुद्धा उघडायला सांगत नाही! का, तर ती 'सर्टिफाइड' आहे.

आता हा शब्दच घेऊ. सर्टिफाइड कुणी केली? विकणाऱ्याने. हेड्यानेच बैलाला दाखला दिला तर तुम्ही मानाल का? मोठ्या कंपन्यांच्या या योजना (मर्सिडीज-बेंझ सर्टिफाइड, बीएमडब्ल्यू प्रीमियम सिलेक्शन, ऑडी अप्रूव्ड प्लस वगैरे) खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. तपासणी होते, वॉरंटी मिळते, त्याला किंमत आहे. पण किंमत आहे ती त्या वॉरंटीच्या कागदाला, शब्दाला नाही.

जॉर्ज अकेरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गाडी चांगली की भंगार हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. त्यामुळे घेणारा सगळ्याच गाड्यांना मधला भाव देतो, चांगल्या गाडीचा मालक त्या भावाला विकत नाही, आणि बाजारात भंगारच उरत जातं. यावर उतारा म्हणजे हमी. विकणाऱ्याने जबाबदारी अंगावर घेतली तरच घेणाऱ्याने विश्वास ठेवावा. तीन नियतकालिकांनी हा निबंध परत पाठवला होता, आणि २००१ साली त्या माणसाला याच कामासाठी नोबेल मिळालं. तेव्हा शंका घेणं गावंढळपणाचं नाही, त्याला नोबेल मिळालेलं आहे! :-)

मागच्या वर्षी मामेभावाबरोबर अशाच एका शोरूममध्ये गेलो होतो. नाव लिहीत नाही, लिहायची गरजही नाही. आम्ही मराठीत विचारायचो, पोरगा हिंदीत सांगायचा आणि अडलं की इंग्रजीत शिरायचा. त्याने तपासणीचा भला मोठा तक्ता पुढे ठेवला. शंभरावर मुद्दे, सगळ्यांपुढे बरोबरची खूण. मी वाचत बसलो. एका ओळीत लिहिलं होतं 'स्टेपनी : ठीक'. म्हटलं, दाखवा. डिकी उघडली. त्या गाडीत स्टेपनीच नव्हती! तिला रनफ्लॅट टायर, कंपनीच मुळात स्टेपनी देत नाही. म्हणजे ज्याने तक्ता भरला त्याने गाडीकडे न बघता खुणा ओढल्या होत्या. मग उरलेल्या शंभर खुणांवर विश्वास कसा ठेवायचा? आम्ही एवढंच म्हटलं, "तपासणी परत करा, आमचा मेकॅनिक हजर असताना." आणि उठलो. तिसऱ्या दिवशी फोन आला. तपासणी परत झाली, दोन टायर नवे बसले, किंमत दीड लाखाने उतरली आणि वॉरंटीत काय धरलंय ते लेखी मिळालं. घरी आल्यावर आमच्या एका काकांची प्रतिक्रिया: "टायरवरून भांडलात? लोक काय म्हणतील?"

काका, लोकांनी दीड लाख दिले नसते.

आता जरा दात कसे बघायचे ते सांगतो, नाहीतर म्हणाल नुसता बोलतोय.

टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. ३४२१ म्हणजे २०२१ सालातला ३४ वा आठवडा. गाडी २०२१ ची, मीटरवर १५ हजार किलोमीटर आणि टायर २०२४ चे? मग आधीचे टायर कशाने झिजले, हे विचारायचं. मीटर मागे फिरवता येतं, सगळीकडची माहिती मात्र एकदम फिरवणं अवघड. म्हणून सर्व्हिसचा सगळा इतिहास तारीख आणि किलोमीटरसकट मागायचा, विम्याचे क्लेम किती झाले ते मागायचं. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघायचा. आत चिखलाचा डाग असेल तर गाडी पाण्यात बसून आलेली आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हजारो गाड्या बुडाल्या. बुडालेल्या गाड्या कुठे जातात? धुऊन-पुसून जुन्या बाजारात येतात. पूर तेव्हाही आला आणि नंतरही येतोच आहे.

गाडी परराज्यातली असेल तर आणखी सावध. स्वस्त दिसते, पण महाराष्ट्रात नोंदवताना इथला रोड टॅक्स भरावा लागतो. २० लाखांवरच्या डिझेल गाडीला आपल्याकडे नवीन घेताना १५ टक्के लागतो. जुन्या गाडीला वय धरून कमी होतो, पण तो भरणार कोण हे सौद्याआधीच ठरायला हवं.

मग येतो जीएसटी. इथे भलेभले फसतात. जुन्या गाडीवर डीलरला १८ टक्के जीएसटी लागतो हे खरं, पण तो पूर्ण किमतीवर नाही, त्याच्या फरकावर. २२ लाखांना घेतली आणि २५ ला विकली तर कर ३ लाखांवर, म्हणजे ५४ हजार. कुणी २५ लाखांवर १८ टक्के धरून साडेचार लाख सांगायला लागला तर शांतपणे म्हणायचं, "हिशेब लिहून द्या." लिहून मागितलं की बरेच आकडे आपोआप खाली येतात.

आणि २२ सप्टेंबर २०२५ विसरू नका. त्या दिवसापासून मोठ्या गाड्यांवरचा एकूण कर (जीएसटी अधिक सेस) ५० टक्क्यांपर्यंत होता तो ४० वर आला. ४० लाख मूळ किमतीची गाडी करासकट ६० ला पडायची, ती ५६ ला आली. मग "नवी साठची आहे साहेब, तुम्हाला पस्तीसला देतो" यातले साठ कुठले? जुन्या पाटीवरचे. नवी स्वस्त झाली की जुनीही स्वस्त झाली पाहिजे, एवढं साधं गणित आहे.

सौद्याची एक युक्ती मात्र खास ओळखून ठेवा. पोरगा विचारतो, "सर, महिन्याला किती जमेल?" याचं उत्तर कधीच द्यायचं नाही. कारण तिथे चार सौदे एका पोत्यात भरलेले असतात: गाडीची किंमत, तुमच्या जुन्या गाडीची किंमत, कर्ज आणि विमा. एकात दिलेलं दुसऱ्यात काढून घेता येतं. पोतं सोडायचं, प्रत्येक सौदा वेगळा करायचा. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायची जुनी रीत आहे, बघणाऱ्याला काही कळत नाही. पण तिथे निदान एक हात तुमचा असतो! इथे "मॅनेजरला विचारून येतो" म्हणून पोरगा काचेमागे जातो, तिथे दोन्ही हात त्यांचेच.

जुनी गाडी बदल्यात देणार असाल तर आणखी एक. नुसती किल्ली देऊन येऊ नका. आरसीवर ज्याचं नाव तो मालक, आणि अपघात झाला तर भरपाई त्याच्याच गळ्यात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. १ एप्रिल २०२३ पासून नियम आहे की जुन्या गाड्यांच्या डीलरकडे आरटीओचं अधिकारपत्र हवं, आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची फॉर्म २९सी ची सूचना नोंदवायला हवी. त्यानंतर जबाबदारी त्याची. हे होत नसेल तर त्या दारातून उलट फिरायचं. घेतलेल्या गाडीचंही तसंच: २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, आणि १४ दिवसांत विमा आपल्या नावावर. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीबरोबर येत नाही. आणि रोख? २०१७ पासून दोन लाख किंवा त्यावर रोख घेणं कायद्यात बसत नाही. जमिनीचा पैसा असला तरी चेकनेच द्यायचा. पुढे ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर कागदच बोलतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपली माणसं गप्प का बसतात? अक्कल कमी म्हणून नाही. अक्कल म्हसा यात्रेत दिसते. गप्प बसतात कारण तिथे त्यांना कमी लेखलं जातं, आणि "मी कमी नाही" हे दाखवायला ते न बोलता पैसे देतात. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटकात तुमकूरला एका शेतकऱ्याला शोरूममधल्या माणसाने कपड्यांवरून हिणवलं. शेतकऱ्याने तासाभरात १० लाख उभे केले. देशभर टाळ्या पडल्या. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, टाळी चुकीच्या जागी पडली. पैसे आहेत हे सिद्ध करण्यात कसला विजय? हिणवणाऱ्याला तेच तर हवं असतं! विजय तेव्हा, जेव्हा तो माणूस आरामात बसून विचारतो, "सर्व्हिसची वही कुठाय?"

आणि हे आपल्याच देशात आहे असंही नाही. अमेरिकेत शिकागोच्या परिसरात एरेस आणि सीगलमन यांनी वेगवेगळ्या वर्णाच्या स्त्री-पुरुषांना एकच पाठ केलेली भाषा देऊन नव्या गाड्यांचे तीनशेहून जास्त सौदे करायला लावले. १९९५ साली निष्कर्ष छापून आला: गोऱ्या पुरुषांना सगळ्यात कमी भाव सांगितला गेला, काळ्यांना जास्त, काळ्या पुरुषांना सगळ्यात जास्त. वाक्यं तीच, भाव वेगळा. म्हणजे भाव गाडी बघून ठरत नाही, माणूस बघून ठरतो. मग पायात चप्पल आणि तोंडात आगरी-कुणबी वळणाची मराठी असलेल्याला कुठला भाव सांगत असतील, याचा अंदाज तुम्हीच करा. आणि अशा ठिकाणी "पाटीवरचा भाव मुकाट्याने द्या" असा सल्ला देणारे आपलेच लोक!

काही जण म्हणतील, मग ठरलेल्या भावाची दुकानं बरी. खरंच बरी, सगळ्यांना एकच भाव असेल तर मी पहिला गप्प बसेन. पण जिथे 'मॅनेजरला विचारून' भाव उतरतो तिथे भाव ठरलेला नाही, फक्त न विचारणाऱ्यासाठी ठरलेला आहे.

जमीन एकदाच विकली जाते. आजोबांनी भात लावलेली ती खाचरं परत येणार नाहीत. त्या पैशातून हौस करा, जरूर करा, माळशेजला गाडी फिरवा, मला पण बसवा. पण त्या खाचरातल्या एका वाफ्याची किंमत केवळ लाजेपोटी काचेमागच्या माणसाच्या हातात ठेवून येऊ नका.

असो. यंदाच्या दिवाळीला वाद परत निघेलच. काकांना हा लेख वाचून दाखवा.